सुपारीच्या ताटातलं पिवळं कार्ड

बाई गेली त्याच्या नवव्या दिवशी दोन तरुण माझ्याकडे आले. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाई म्हणतात. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी होती. केशोरीजवळच्या एका खेड्यात उपकेंद्रावर तिने नर्सची नोकरी केली. निवृत्त झाल्यावर मी तिला आमगावला आमच्याकडे बोलावलं होतं, पण ती आली नाही. त्याच खेड्यात दोन खोल्यांचं घर घेऊन राहिली. त्यामुळे तिचे दिवसही आम्ही तिथेच करत होतो, आणि मी तिच्या ओसरीवर तिच्याच खुर्चीत बसलेला होतो.

आलेल्यांपैकी एक ग्रामपंचायतीचा सदस्य होता आणि दुसऱ्याचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. दोघांचाही जन्म बाईच्या हातचा. उपकेंद्राच्या अंगणात कडुनिंबाखाली बाईच्या नावाची फरशी बसवायची असं गावाने ठरवलं होतं. मजकूर त्यांनी लिहून आणला होता, आणि सोबत प्लॅस्टिकच्या पाकिटात एक जुनं कात्रण. गोंदियाच्या एका हिंदी दैनिकात चार-पाच वर्षांपूर्वी बाईवर आलेला लेख. त्याच्या मथळ्यातला शब्द त्यांनी फरशीसाठी उचलला होता: क्रुसेडर.

"सर, तुमी इंग्रजीचे मास्तर," सदस्य म्हणाला. "हा शब्द बरोबर हाय का तेवढं पाहून द्या. अन् खाली मराठीत अर्थ बी टाकाचा हाय."

"कायले टाकाचा अर्थ?" दुकानवाला म्हणाला. "इंग्रजी राहू दे ना. वजन येते."

"अबे, उद्या एखाद्या म्हातारीनं विचारलं का हे काय लिहून राहिले, तर तू काय सांगशील? वजन सांगशील?"

मी हसलो. नऊ दिवसांत पहिल्यांदा हसलो असेन. मग कागद वाचला. शुद्धलेखन ठीक होतं. पण तिसऱ्या ओळीत लिहिलं होतं: 'शिक्षक भावाच्या भक्कम पाठिंब्याने त्यांनी हा लढा दिला.'

"हे कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"पेपरात हाय ना सर." सदस्याने कात्रणावर बोट ठेवलं. "बाईनंच सांगितलं जी. पेपरवाला आला तवा मी इथंच उभा होतो. त्यानं विचारलं, घरून विरोध नाही झाला का? बाई म्हणे, माझा भाऊ मास्तर हाय, तो पाठीशी हाय म्हणून तर मी फिरून राहिली."

मी कागदाची घडी करून खिशात ठेवली. तेरवीपर्यंत सांगतो, म्हणालो. त्यांना वाटलं, मी अर्थ शोधायला वेळ मागतो आहे.

अर्थ मला ठाऊक होता. ते तिसऱ्या ओळीतलं वाक्य मात्र खोटं होतं, आणि ते खोटं आहे हे जाणणाऱ्या माझ्याखेरीज फक्त माझी बायको आणि मुलगी उरल्या होत्या. त्या दोघी काही बोलल्या नसत्या. मी गप्प राहिलो असतो तर ते वाक्य दगडात कोरलं जाणार होतं आणि येणारा-जाणारा ते वाचणार होता. पुढचे चार दिवस माझ्यापुढे एवढाच प्रश्न होता.

हे सगळं कळायला आधी बाईचं काम सांगायला हवं.

आम्ही तिघं भावंडं होतो. माझ्या पाठची बहीण सात वर्षांची होऊन गेली. थंडी पडली की तिचे गुडघे आणि मनगटं सुजायची, डोळे पिवळे व्हायचे, आणि ती कण्हत एका कुशीवर पडून राहायची. वडील तिला खांद्यावर घेऊन कोणाकोणाकडे जाऊन आले. कोणी सांधे धरले म्हणालं, कोणी बाहेरचं म्हणालं. बाई तेव्हा पंधरा वर्षांची होती. गरम विटेला फडकं गुंडाळून ती तिचे पाय शेकत बसायची. त्या दुखण्याला सिकलसेल म्हणतात हे बाईला पुढे नर्सिंगच्या शिक्षणात कळलं. त्या सुट्टीत ती घरी आली, तेव्हा वही उघडून तिने मला कोयत्याच्या आकाराच्या रक्तपेशीचं चित्र दाखवलं होतं. "हे पाह. आपल्या छोटीच्या आंगात हे होतं," एवढंच ती म्हणाली होती.

आमच्या भागात हा आजार पुष्कळ घरांत आहे. रक्त तपासलं की सरकारी कार्ड मिळतं. आजार असेल तर लाल, नसेल तर पांढरं. आणि स्वतःला काही त्रास नाही पण रक्तातून पुढे देऊ शकतो, अशा माणसाला पिवळं. पिवळ्याचं पांढऱ्याशी लग्न झालं तर लेकराला आजार होत नाही. पिवळ्याचं पिवळ्याशी झालं तर होऊ शकतो. माझे आईवडील दोघंही पिवळे असले पाहिजेत. त्यांना ते कधी कळलं नाही.

बाई स्वतः पिवळी होती. तिने लग्न केलं नाही, पण त्याचं कारण हे नव्हतं. कारण मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायची सोय राहिली नाही.

सुरुवातीला ती गावोगाव जाऊन समजावून सांगायची. लोक ऐकायचे, बोटाला सुई टोचू द्यायचे, कार्डं घ्यायचे आणि घरी नेऊन पेटीत तळाशी ठेवून द्यायचे. पिवळ्या कार्डाची पोरगी म्हटलं तर पाहुणे यायचे नाहीत, अशी भीती. सोयरीक जुळताना कोणी विचारलंच, तर सगळ्यांचं उत्तर एक: कार्ड हरवलं. ती म्हणायची, "आपल्या तालुक्यात माणसं कमी अन् हरवलेली कार्डं जास्त झाली."

कोणाचं कार्ड कोणत्या रंगाचं, हे तिला पाठ होतं. बहुतेक कार्डं तिनेच लिहिलेली. पण एकाचं गुपित दुसऱ्याला तिने कधी सांगितलं नाही. हे तिचं फार पक्कं होतं.

मग तिने एक वेगळीच रीत काढली. निम्म्या गावाची बाळंतपणं तिने केलेली, त्यामुळे सुपारी फोडायच्या, म्हणजे सोयरीक पक्की करायच्या, कार्यक्रमाला तिला बोलावणं असायचंच. अशाच एका घरी, नारळ, कुंकू आणि सुपाऱ्या मांडलेलं ताट पाहुण्यांपुढे आलं, तेव्हा तिने पिशवीतून स्वतःचं पिवळं कार्ड काढलं आणि त्या ताटात ठेवलं. म्हणाली, "हे माझं. पन्नाशीला आली, मले काही झालं नाही. आता तुमी आपापलं ठेवा का नका ठेवू, तुमची मर्जी."

सरकारी कागद सुपारीच्या ताटात पडलेला. तो बाजूला काढून सुपारी फोडायची तर वयाने मोठ्या बाईचा अपमान, तसाच ठेवून फोडायची तर मनात खटका. त्या दिवशी त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. पण हळूहळू तिच्या भागात, सुपारी फुटायच्या आधी दोन्हीकडची कार्डं ताटात ठेवायची, अशी चाल पडत गेली. सगळीकडे नाही. एका घरी तिचं कार्ड अंगणात भिरकावलं गेलं. तिने ते उचललं, पदराने पुसलं आणि पिशवीत ठेवलं. ते कार्ड आता माझ्याजवळ आहे. कोपरे बोथट झालेत, एका बाजूला हळदीचा डाग आहे, आणि वरचं प्लॅस्टिक चहात पडल्यासारखं धुरकट झालंय.

आता माझ्याविषयी.

मुलगी कॉलेजात असताना सुट्टीत बाईकडे राहायला गेली होती. बाईने तिचं रक्त तपासलं. कार्ड पिवळं आलं. माझी बायकोही पुढे तपासून आली, तिचं पांढरं. मी मात्र गेलो नाही. दर भाऊबीजेला बाई ओवाळून झाली की निरांजन खाली ठेवायची आणि म्हणायची, "ओवाळणी नको. बोट दे." मी हात मागे घेऊन हसायचो. आमचं वय झालं आता, कायले पाहिजे कार्ड, असं काहीतरी म्हणायचो. खरी गोष्ट अशी की मला ते बघायचं नव्हतं. बायकोचं पांढरं म्हटल्यावर मुलीला ते कोणाकडून आलं, हे काढायला फार हिशेब लागत नाही.

मुलीसाठी एक चांगलं स्थळ आलं. बायकोच्या नात्यातून. मुलगा शेती बघून धानाचा व्यापार करणारा, शांत. गाव बाईच्याच भागातलं. मुलाच्या वडिलांनी फोनवर सहज विचारलं, "तपासणी-बिपासणी झाली हाय ना?" मी म्हणालो, "झाली आहे. सगळं ठीक आहे." यातलं पहिलं वाक्य खरं होतं.

मुलीचं कार्ड मी कपाटात, बायकोच्या शालूच्या खाली ठेवून दिलं होतं. वर्गात मी मुलांना सत्यावर निबंध लिहायला देत असे. पण त्या वेळी मला ते आठवलं नाही. आपली मुलगी चांगल्या घरी पडते आहे आणि एक कागद आडवा येतो आहे, एवढंच दिसत होतं.

बाईला बोलावणं टाळता येण्यासारखं नव्हतं. ती अर्जुनीहून रेल्वेने गोंदियाला आणि तिथून आमगावला, अशी दुपारी पोचली. खांद्यावर तीच पिशवी. मी तिला दारातच गाठलं.

"बाई, आज ते नको."

"काय ते?"

"तुझं ताट."

तिने माझ्याकडे पाहिलं. "पाणी दे आधी," म्हणाली, "सकाळपासून काही नाही पोटात."

बैठकीत दोन्हीकडची मिळून पंधराएक माणसं होती. पोहे झाले, चहा झाला. ताट आलं. बाई उठली, पिशवीतून कार्ड काढून तिने सुपाऱ्यांशेजारी ठेवलं आणि आपल्या जागी जाऊन बसली.

मुलाची आई मोठ्या आवाजाची. ती म्हणाली, "नर्सबाई, तुमच्या झोऱ्यात लग्न मोडाचं औषध हाय वाट्टे!"

सगळे हसले. बाईही हसली. "हाय ना. सरकारी हाय, फुकट देते. पाह्यजे का?"

मग हसू थांबलं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी म्हणालो, "मुलीचं कार्ड सध्या सापडत नाहीये."

ते कार्ड बाईने स्वतःच्या हाताने लिहिलेलं होतं. रंग तिला माहीत होता. मी खोटं बोलतोय हे तिला माहीत होतं. ती एक शब्द बोलली नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ताटाकडे बघत बसली. आजही डोळे मिटले की मला ती तशीच बसलेली दिसते. तिने त्या क्षणी तोंड उघडलं असतं, तर पंधरा माणसांत मी खोटारडा ठरलो असतो. ते तिने होऊ दिलं नाही.

मुलगी उठली. आत गेली. कपाटाचं दार वाजलं. बाहेर येऊन तिने आपलं कार्ड आत्याच्या कार्डावर ठेवलं आणि पुन्हा आईशेजारी जाऊन बसली.

मुलाची आई म्हणाली, "आमच्या पोराचं तर तपासलंच नाई." आवाज खाली आला होता. मुलगाच म्हणाला, "मी तपासतो. आठ दिवस द्या." आठवड्याने त्यांचा फोन आला. त्याचंही पिवळं. भांडण झालं नाही. दोन्ही घरांनी बोलणं थांबवलं. न फुटलेल्या सुपाऱ्या बायकोने डब्यात भरून ठेवल्या.

पण त्या दुपारी, पाहुणे गेल्यावर, मी बाईला म्हणालो, "तू माझ्याच घरात येऊन माझं नाक कापलंस."

ती चप्पल घालत होती. "तुझी पोरगी हाय म्हणून सोडाची होती का?"

ती चारच्या गाडीने गेली. त्यानंतर दोन वर्षं मी तिच्याशी बोललो नाही. दोन भाऊबीजा गेल्या. ती बायकोला फोन करायची, मुलीशी बोलायची, आणि मी जवळ असलो की त्या दोघी फोन घेऊन आत जायच्या. हा माझा भक्कम पाठिंबा.

ती दोन वर्षं मुलीने संपवली. दुसरं स्थळ आलं, दोन्हीकडून पसंती झाली. मुलगी म्हणाली, "बाबा, आत्याचं कार्ड ताटात असल्याशिवाय माझी सुपारी फुटायची नाही. तुम्ही स्वतः जाऊन सांगा."

मी गेलो. पूर्ण प्रवासात काय बोलायचं याची जुळवाजुळव करत होतो. दोन-तीन वाक्यं तयार केली होती. बाईने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "वाळून गेला. भात टाकू का?" तयार केलेली वाक्यं तशीच राहिली. तिने लाखोळीच्या डाळीचं वरण केलं होतं. जेवताना मी सुपारीचा दिवस सांगितला. ती म्हणाली, "कार्ड घेऊन येऊ ना?" मी मान हलवली. विषय तिथे संपला. पुढे आयुष्यभर तिने त्या दुपारचा उल्लेख केला नाही, टोमणा म्हणूनही नाही.

जावयाचं कार्ड पांढरं. मला दोन नातवंडं आहेत. थोरलीचं पिवळं, धाकट्याचं पांढरं. थोरली परसातल्या पेरूवर चढून बसते आणि खाली उतरायला तयार नसते. तिचे गुडघे मी कधी कधी उगाच बघत बसतो. खरचटलेले असतात, सुजलेले नसतात.

क्रुसेडर हा शब्द बाईने मला फोनवर विचारला होता, लेख आला त्याच आठवड्यात. कात्रण मी पाहिलंच नव्हतं. तिने फक्त शब्द विचारला.

"अरे, क्रुसेडर म्हणजे काय रे? त्या पेपरवाल्यानं मले क्रुसेडर करून टाकलं."

मी वर्गात सांगावं तसं सांगू लागलो. की शेकडो वर्षांपूर्वी युरोपातले लोक अंगरख्यावर कापडाचा क्रूस शिवून, देवाचं काम म्हणून, एक पवित्र नगर जिंकायला दूरदेशी निघाले. त्यांच्या त्या क्रुसावरून हा शब्द आला. पिढ्यान्‌पिढ्या ती युद्धं चालली. त्यांच्या देशात त्यांना वीर म्हणाले.

"अन् ज्यायच्या गावावर चालून गेले ते लोक काय म्हणाले?"

"ते कशाला वीर म्हणतील? त्यांच्या घरांवर चालून आलेले लोक."

"मंग नको बापा. मी कोणाच्या गावावर चालून गेली?"

मी म्हणालो, की आता तो अर्थ मागे पडला आहे. वर्तमानपत्रात आता कोणालाही म्हणतात. दारूबंदीसाठी झटणारा, झाडांसाठी झटणारा, माहितीचे अर्ज करत राहणारा. एखादी गोष्ट हातात घेतली की लोक काहीही म्हणोत, सोडत नाही, तो क्रुसेडर.

"हे चालते," ती म्हणाली. "न सोडणारी तर मी आहोच. तुले माहीत हाय." आणि मोठ्याने हसली. मला हसायला थोडा वेळ लागला.

तेरवीच्या आधीच्या दिवसांत मी तिच्या फळीवरचा शब्दकोश काढला. मीच कधीतरी दिलेला, वर वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला. शब्द काढला तर त्याखाली पेन्सिलीची बारीक रेघ होती. माझ्या सांगण्यावर न थांबता तिने पुन्हा पाहून घेतलं होतं. कोशात दोन्ही अर्थ होते: धर्मयुद्धात लढणारा, आणि सुधारणेसाठी नेटाने झगडणारा. मी बराच वेळ ते पान उघडं ठेवून बसलो. समोर खुंटीवर तिची पिशवी होती. सरकारी पिशवीवरची लाल फुली उडून गेली होती, म्हणून तिने जुन्या लुगड्याच्या लाल काठाच्या दोन पट्ट्या कापून त्यावर शिवल्या होत्या. टाके मोठे-मोठे, शिवण तिला कधी जमली नाही. पंचवीस-तीस वर्षं ती फुली माझ्या डोळ्यांसमोर होती. त्या चार दिवसांत मी ती पहिल्यांदा नीट पाहिली.

मला वाटलं, शब्दाचे दोन्ही अर्थ मी अनुभवले आहेत. दोन वर्षं माझ्या दृष्टीने ती माझ्या घरावर चालून आलेली होती. पण चालून येणारा दुसऱ्याचं काहीतरी घ्यायला येतो. ताटापाशी तिने कोणाचंच कार्ड मागितलं नाही. पहिलं आपलं ठेवलं. हा फरक कोणत्याच कोशात सापडला नाही, आणि तो मला कळायला तिच्या मरणापर्यंतचा वेळ लागला.

बाराव्या दिवशी सकाळी मी चालत उपकेंद्रावर गेलो. तिथे आता एक तरुण नर्स आहे. मी बोट पुढे केलं.

"सर, या वयात कायले?" तिने विचारलं.

"ओवाळणी राहिली होती," मी म्हणालो.

तिला अर्थबोध झाला नसावा. तिने थेंब घेतला, नळीत टाकला, थोडा वेळ पाहिलं, आणि दुसरा नमुना पक्क्या तपासणीसाठी बांधून ठेवला. कार्ड यायला दिवस लागतील, म्हणाली.

तेरवीला सगळं गाव जेवलं. जेवणं आटोपल्यावर लोक मांडवात बसले, पानाचं ताट फिरलं, आणि सदस्याने मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो. बाईचं कार्ड मी खिशातून काढून हातात धरलं.

मी म्हणालो, फरशीवर एक वाक्य येणार आहे, की भावाने तिला पाठिंबा दिला. तो भाऊ मी. मी पाठिंबा दिला नाही. माझ्या मुलीचं कार्ड मी साड्यांखाली लपवलं, पंधरा माणसांत खोटं बोललो, आणि तिने माझं खोटं उघडं न करता स्वतःचं कार्ड ठेवलं, म्हणून दोन वर्षं तिच्याशी बोललो नाही. आज माझी नातवंडं धडधाकट आहेत ती तिच्यामुळे. हे मी तिला कधी सांगितलं नाही. म्हणून तुम्हाला सांगतो.

मला बसायचंही सुचत नव्हतं. मग बायकांतून एक ओळखीचा, मोठा आवाज आला. त्या पहिल्या स्थळाची आई. त्यांच्या गावाहून ती ऑटोने आली होती, मला दिसलीच नव्हती.

"बसा गुरुजी, बसा. कायले उभे राहून राहिले." ती स्वतः मात्र उठून उभी राहिली. "तुमीच एकटे लपवणारे नव्हते. आमी पोराले तपासाले नेलंच नाई, मले भेव होता म्हणून. झाकून ठेवलं अन् न पाहिलं, एकच ना जी? मी त्या दिवशी बाईले बोलून गेली. मागून लाज वाटली तं लुगडं घेऊन माफी मागाले आली इथं. तिनं लुगडं हातात बी नाई घेतलं. म्हणे, ते राहू दे, सून पाहून राहिली ना, तिचं कार्ड आन!"

लोक हसले. मीही हसलो, आणि डोळे पुसले.

पांगापांग झाल्यावर ते दोघे तरुण जवळ आले. दुकानवाला म्हणाला, "मंग ते वाक्य काढाचं का सर? पण बाईनं स्वतः सांगितलं होतं."

"बाईनं ते मला दिलं होतं," मी म्हणालो. "माझ्याजवळ राहू द्या. फरशीवर नको."

"अन् क्रुसेडर?"

"ते ठेवा."

"अर्थ?"

मी खिशातला कागद काढून तिसरी ओळ खोडली आणि शब्दाखाली लिहिलं: 'सुपारीच्या ताटात आधी आपलं कार्ड ठेवणाऱ्या.' सदस्याने ते दोनदा वाचलं. "हे म्हातारीले बी समजते," तो म्हणाला, आणि मित्राकडे पाहिलं. मित्राने वजनाची गोष्ट काढली नाही.

ऑटो सुरू झाला होता. त्या पहिल्या स्थळाची आई निघता निघता पुन्हा वळली. माझ्या हातातल्या कार्डाकडे बोट करून म्हणाली, "गुरुजी, आमच्या भाचीची सुपारी हाय फागुनात. पहिलं कार्ड बाई ठेवत होती. आता ताटात पहिलं कोण ठेवन?"

बाईचं कार्ड मी खिशात ठेवलं. ते तिचं होतं.

"माझं यायचं आहे," मी म्हणालो. "रंग मला माहीत आहे. दिवस कळवा, मी घेऊन येतो."